सावकाराच्या घशातली जमीन कुळाला परत देणारे बीडचे खासदार: क्रांतिसिंह नाना पाटील

1967 च्या लोकसभा निवडणुकीत बीडकरांनी साताऱ्याकडच्या एका माणसाला खासदार केलं. ना भावकी, ना सोयरीक, ना इथं गुंठाभर रान. पक्ष कम्युनिस्ट. तरी निवडून आले. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

नाना पाटलांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 चा. गाव येडेमच्छिंद्र, आता सांगली जिल्ह्यात. अंगानं पैलवान. नोकरी तलाठ्याची. सातबाऱ्यावरचं नाव कसं बदलतं, कर्जापायी रान कसं जातं, हे तलाठ्याइतकं कुणाला कळणार? 1930 साली कायदेभंगाची चळवळ पेटली आणि त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं. मग तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या.

1942 ला ते भूमिगत झाले. 1943 पासून सातारा जिल्ह्यातल्या गावागावांत प्रतिसरकार उभं राहिलं. रेल्वे अडवणं, खजिना लुटणं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण गरिबाला त्यातलं खरं पटलं ते न्यायदान मंडळ. गावातच पंच बसायचे, दोन्ही बाजू ऐकायचे. वकील नाही, तारखेवर तारीख नाही. सावकारानं गिळलेली रानं मूळ मालकाला परत दिली गेली.

सावकारीचा डाव तेव्हाही तोच होता. अडीनडीला पैसे द्यायचे, तारण म्हणून कागद लिहून घ्यायचा. व्याज फिटत नाही म्हटल्यावर रान सावकाराच्या नावावर. कालचा मालक आपल्याच रानात बटईनं राबायचा, निम्मं पीक घालायचा. दुष्काळ पडला, खंड थकला की तिथूनही हाकलला जायचा.

जो ऐकत नसे त्याच्या तळपायावर काठीचे फटके बसत. लोक त्याला पत्री सरकार म्हणू लागले. ही शिक्षा आज कुणी योग्य म्हणणार नाही. पण त्या काळी कोर्टाची पायरी गरिबाला परवडत नव्हती, हेही तितकंच खरं.

स्वातंत्र्यानंतर मंत्रिपदाच्या मागे न लागता ते शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. 1955 साली डहाणूच्या अधिवेशनात अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. कसणाऱ्याला जमीन, हीच किसान सभेची मागणी. 1957 ला उत्तर साताऱ्यातून आणि दहा वर्षांनी आपल्या बीडमधून ते दिल्लीला गेले. संसदेतही मराठीतच बोलले.

बीड आधी निजामाच्या राज्यात होतं. इथल्या कुळांना आधार मिळाला तो 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याचा. संरक्षित कूळ म्हणून नोंद झालेल्याला मालकाच्या मर्जीवर रानाबाहेर काढता येईना. ज्यांची नोंदच झाली नाही, तोंडी बटईवर ज्यांचं चाललं, ते मात्र उघड्यावर राहिले. नानांना मतं देणाऱ्यांत अशी माणसं थोडी नसणार.

6 डिसेंबर 1976 ला मिरजेत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार वाळव्याला झाले.

जे काम त्यांच्या पंचांनी झाडाखाली केलं, त्याला आता कायद्याची वाट आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 प्रमाणे, विनापरवाना सावकारानं कर्जापोटी जमीन घेतली असेल, मग कागदावर खरेदीखत का असेना, तर जिल्हा उपनिबंधक (सहकारी संस्था) यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेपासून मागच्या पंधरा वर्षांतला व्यवहार लागतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. खरेदीखताची नक्कल, जुना सातबारा, फेरफार आणि पैसे दिल्याघेतल्याची असेल ती चिठ्ठी, बँकेची नोंद सोबत जोडावी. व्यवहार पंधरा वर्षांच्या काठावर आला असेल तर पेरणी उरकायची वाट बघू नये.