डॉ. शं. पु. आघारकर : सजीवांच्या वाटांचा अभ्यासक

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्ह्यातील उपनद्यांचे पाणी घेत सांगलीकडे वाहत जाते. त्या उपनद्यांत १९११च्या सुमारास एका तरुण प्राध्यापकाला गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. तोवर हा प्रकार केवळ आफ्रिकेतच ज्ञात होता. इतक्या दूरचा जीव सह्याद्रीच्या कुशीत आला कसा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. कोणता सजीव कोठे आढळतो आणि तो तेथे कसा पोहोचतो, या जिज्ञासेने ज्यांचे आयुष्य व्यापले, ते हे प्राध्यापक म्हणजे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर.

त्यांचा जन्म १८८४ साली मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन तेथेच त्यांनी अध्यापन केले. पुढे कोलकाता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निर्माण झालेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदी त्यांची निवड झाली आणि १९१४ साली ते उच्च अध्ययनासाठी जर्मनीस गेले. तोच पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन असल्याने शत्रुराष्ट्रात त्यांना स्थानबद्धता भोगावी लागली. अध्ययनाचा संकल्प मात्र त्यांनी सोडला नाही. वनस्पतींच्या भूगोलाचे थोर अभ्यासक अडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

प्रबंधाचा विषय मायदेशाचाच होता. वायव्य भारताच्या शुष्क प्रदेशातील वनस्पतींचा प्रसार कोणत्या साधनांनी होतो आणि त्या मूळच्या कोठल्या, याचा शोध त्यात होता. आज परिस्थितिकीच्या विद्यार्थ्याला जो प्रश्न ओळखीचा वाटतो, तो त्यांनी ही ज्ञानशाखा बाल्यावस्थेत असताना हाताळला. साताऱ्याच्या नदीपात्रात पडलेला प्रश्न आणि बर्लिनमधील प्रबंध यांचा धागा एकच होता.

कोलकात्यातील प्रदीर्घ सेवेनंतर ते महाराष्ट्रात परतले. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक म्हणून त्यांनी १९६०पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत काम केले. १९९२पासून ही संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

कास पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला आणि कोयना-चांदोलीच्या जंगलांत सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. सातारा-सांगलीच्या तरुण संशोधकांना अभ्यासाचे क्षेत्र असे घराशेजारीच लाभले आहे. मात्र जे राखायचे, ते आधी नीट पाहावे लागते. ओढ्यातील एका चिमुकल्या जीवाकडे दुर्लक्ष न करणारी आघारकरांची दृष्टी म्हणूनच आजही मोलाची आहे.