एक कारकून, तीन शिपाई आणि एक लस

परळ स्टेशनला उतरून केईएमच्या दिशेने कधी गेला असाल, तर आचार्य दोंदे मार्गावर 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हा बोर्ड तुम्ही नक्की पाहिला असेल. लहानपणी तुम्हाला पाजलेले पोलिओचे थेंब कदाचित याच आवारात तयार झाले असतील. पण हा हाफकिन कोण, असा प्रश्न कधी पडलाय?

वाल्देमार हाफकिनचा जन्म १८६० चा, ओडेसाचा. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. हुशार मुलगा, पण ज्यू. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. त्याने तो बदलला नाही आणि देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याला जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्याचा दिनक्रम. १८९२ मध्ये त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी ही लस घेऊन तो कलकत्त्याला पोचला.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत, मांडवी भागात प्लेग सापडला. माणसं गाठोडी बांधून शहर सोडू लागली. मुंबईहून येणाऱ्या जहाजांना परदेशातली बंदरं घाबरू लागली. व्यापार धोक्यात आल्यावर सरकार जागं झालं आणि हाफकिनला मुंबईला पाठवण्यात आलं. लॅब म्हणून त्याला काय मिळालं? ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, तिचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. बस्स.

एवढ्यावर त्याने प्लेगचे जंतू वाढवले. जंतूंना पोषक असं मांसाचं पाणी घ्यायचं आणि वर आपलं साधं तूप सोडायचं. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग उष्णता देऊन ते मारायचे, की लस तयार. तीन महिन्यांत काम झालं. १० जानेवारी १८९७ ला त्याने पुन्हा स्वतःलाच टोचून घेतलं, तेही मोठा डोस. ताप भरला, अंग ठणकलं, पण काम थांबलं नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा लस घ्यायला काही कैदी पुढे आले. न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात आजार बराच कमी दिसला. कैद्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न आज आपण नक्की विचारू.

हे वर्ष कसं होतं तेही लक्षात ठेवा. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले याच साथीत १० मार्चला गेल्या. सोल्जर घराघरात घुसून झडती घेत होते आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकार म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा. अशा वातावरणात सरकारी माणसाकडून दंडाला सुई कोण टोचून घेणार? हाफकिनचं म्हणणं होतं, लस सक्तीची नको. आगाखानांनी लोकांसमोर स्वतः ती घेतली आणि लॅबसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. त्यानंतर त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले.

लॅब मात्र बिऱ्हाडासारखी इकडून तिकडे फिरत होती. अखेर १८९९ मध्ये सरकारने परळचा गव्हर्नरचा जुना बंगला प्लेगच्या संशोधनासाठी दिला. सरकारचा हेतू काही फार उदात्त नव्हता, पण हा खर्च एका साथीपुरता राहिला नाही. शहराला कायमची प्रयोगशाळा मिळाली आणि तिथे माणसं शिकून तयार होऊ लागली. १९२५ पर्यंत इथून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले.

मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. मागणी वाढल्यावर हाफकिनने लसीतलं कार्बोलिक अ‍ॅसिड वगळलं होतं. तेवढ्यावरून ठपका परळच्या लॅबवर आला आणि तो निलंबित झाला. खरं तर बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत असते, तर बाटलीला घाण वास आला असता. तसा वास नव्हता. हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं, तेही रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिल्यावर. निर्दोष ठरलेला हाफकिन भारतात परतला, पण कलकत्त्याला. परळची लॅब त्याला परत मिळाली नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तो वारला. त्याआधी, १९२५ मध्ये, संस्थेला त्याचं नाव देण्यात आलं होतं.

माणूस गेला, संस्था राहिली. प्लेग ओसरल्यावर कुणी तिला टाळं ठोकलं नाही. तिथे सर्पदंशावरचं औषध तयार होऊ लागलं. भातखाचरात साप चावलेल्या शेतकऱ्याला लागतं तेच हे औषध. पुढे पोलिओची लस आली. १९७५ मध्ये औषधनिर्मितीसाठी राज्य सरकारचं वेगळं महामंडळ झालं. १८९९ ला खर्चाच्या कागदावर सही करणाऱ्याच्या डोक्यात साप नव्हता आणि पोलिओही नव्हता.

विज्ञानावरचा सरकारी पैसा असा उशिरा आणि भलतीकडे उगवतो. पण त्यासाठी संस्था साथ संपल्यावरही चालू ठेवावी लागते. आणि तिच्यावर ठपका आला, की चौकशी नीट व्हावी लागते. मुल्कोवालनंतर ती झाली नाही आणि एका शास्त्रज्ञाची पाच वर्षं वाया गेली.

संशोधनावर एवढा खर्च कशाला, हा वाद तुमच्या कॅन्टीनमध्येही होत असेल. पुढच्या वेळी झाला, की त्या व्हरांड्यातला एक कारकून आणि तीन शिपाई आठवा. आणि परळचा तो बोर्ड दिसला, तर क्षणभर थांबून वाचा.