अब्दुल करीम खाँ यांचा आवाज खरखरीतून कसा सोडवतात? जाणून घ्या

जुनी तबकडी लावली की गाण्याआधी खरखर ऐकू येते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांचा आवाज बारीक आणि हळुवार होता. आज तो फक्त तबकड्यांवरच उरला आहे.

कोण होते खाँसाहेब?

जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातील कैराना येथला. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायक होते. तिथेच ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांचीच मुले. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. पुढे १९२२ मध्ये ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या आणि खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, तर भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे.

१९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमल कोइल या छोट्या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

तबकड्या कधीच्या?

पहिल्या १९०५ च्या सुमाराच्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, भोंग्यात तोंड करून गावे लागे. दुसऱ्या १९३० च्या दशकाच्या मध्यावर ओडियन कंपनीने काढलेल्या. झिंझोटीतील त्यांची प्रसिद्ध ठुमरी याच काळातली.

खरखर का येते?

या तबकड्या विनाइलच्या नाहीत, लाखेच्या आहेत. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. त्यामुळे कोऱ्या तबकडीलाही खरखर असते. चरे पडले की त्यात टकटक वाढते.

ती कमी कशी करतात?

- धुणे: आधी धूळ काढतात. अल्कोहोल मात्र वापरत नाहीत, कारण त्यात लाख विरघळते.
- सुई: ७८ च्या तबकडीला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि आवाज बिघडतो.
- मोनो: खाचेच्या दोन्ही भिंतींवर गाणे एकच असते, खरखर वेगवेगळी. दोन्ही बाजू एकत्र केल्या की गाणे ठळक होते.
- वेग: जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. वेग ६ टक्क्यांनी वाढला तर पांढरी एकचा सूर काळी एकवर जातो.
- सॉफ्टवेअर: टकटक कापून ती जागा आजूबाजूच्या ध्वनीवरून भरतात. सलग खरखरीचा नमुना घेऊन तेवढा भाग वजा करतात.

धोका कुठे?

शेवटच्या पायरीत. तानपुऱ्याची झणकार आणि खरखर एकाच पट्ट्यात असतात. सफाई जास्त झाली की झणकार जाते आणि स्वर पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. खाँसाहेबांची तर सगळी किमया हळू लावलेल्या स्वरात. त्यामुळे थोडी खरखर राहू देणेच बरे.

पनवेलच्या खांदा कॉलनीतील एखाद्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील, तर एक नियम पाळा. आधी २४ बिटमध्ये मूळ, न साफ केलेली फाइल जपा आणि सफाई तिच्या प्रतीवरच करा. तबकडी एकदा फुटली की पुन्हा संधी नाही.