इंग्रजी व्याकरण घराघरात पोचवणारा लिंडले मरे मुळात वकील होता

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. शाळेत या शब्दांनी आपल्याला घाम फोडलाय. पण इंग्रजीचे हे नियम सोपे करून मुलांपर्यंत पोचवणारा माणूस ना शिक्षक होता ना प्राध्यापक. त्याचं नाव लिंडले मरे.

मरेचा जन्म १७४५ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. वडील न्यूयॉर्कचे बडे व्यापारी. आज मॅनहॅटनमध्ये मरे हिल नावाचा भाग आहे, तो याच घराण्याच्या नावाने. मरेने वकिली केली, नंतर व्यापारात चांगला पैसा कमावला.

पण शरीर साथ देईना. स्नायू अशक्त होत गेले. हवापालट करावा म्हणून १७८४ मध्ये तो बायको हॅनासोबत इंग्लंडला गेला आणि यॉर्कजवळ होलगेटला राहिला. तब्येत काही सुधारली नाही. आधी चालणं अवघड झालं, शेवटची कित्येक वर्षं तर घराबाहेर पडणंच बंद झालं.

यॉर्कमध्ये क्वेकर पंथाची मुलींची शाळा होती. तिथल्या तरुण शिक्षिकांकडे मुलींना समजेल असं व्याकरणाचं पुस्तक नव्हतं. त्यांनी मरेला गळ घातली आणि १७९५ मध्ये 'इंग्लिश ग्रामर' छापून आलं.

त्यात शब्दांच्या नऊ जाती होत्या. आर्टिकल, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपण आठच शिकतो.

क्रियापदाची व्याख्या मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो शब्द असणं, करणं किंवा सोसणं सांगतो, ते क्रियापद. म्हणजे कसं?

'शी इज हिअर', ती इथे आहे. हे असणं.
'शी टीचेस', ती शिकवते. हे करणं.
'शी इज टॉट', तिला शिकवलं जातं. इथे क्रिया तिच्यावर होते, ती स्वतः करत नाही. हे सोसणं, म्हणजेच आपला कर्मणी प्रयोग.

म्हणून 'क्रियापद म्हणजे कृती' एवढंच पाठ केलं, की 'इज' आणि 'अ‍ॅम' पाशी गाडी अडते.

यातले बरेच नियम आधीच्या व्याकरणकारांचे होते आणि मरेने ते लपवलं नाही. त्याची कमाल मांडणीत होती. मोठ्या अक्षरातला मुख्य नियम लहान मुलांसाठी, बारीक अक्षरातला तपशील मोठ्यांसाठी. १७९७ मध्ये चुकीची वाक्यं दुरुस्त करायला लावणारं सरावाचं पुस्तकही आलं.

इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. कमाई त्याने दानधर्माला दिली. १८२६ मध्ये होलगेटलाच तो गेला.

त्यानंतर १० वर्षांनी, १८३६ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. शाळेत आपण पाठ केलेल्या शब्दांच्या जाती मराठीत आल्या, त्या याच वाटेने.