व्रतस्थ वाङ्मयसेवक कवी नर्मदाशंकर

मनुष्यास कर्मप्रवृत्त करणाऱ्या प्रेरणांमध्ये वित्तैषणा व लोकैषणा या दोन एषणांची गणना शास्त्रकारांनी केली आहे. संन्यासी या दोहोंचा त्याग करून आश्रमच बदलतो. परंतु प्रपंचात राहून, कुटुंबाचा आणि ऋणाचा भार वाहत, अंगीकृत कार्यातील समाधानासाठीच आयुष्य वेचणारे पुरुष विरळा. सुरत नगरीचे सुपुत्र कवी नर्मदाशंकर लालशंकर दवे, ज्यांना सारा गुजरात ‘नर्मद’ या नावाने ओळखतो, हे अशा विरळ पुरुषांपैकी एक होत.

तापीतीरावरील या प्राचीन नगरीत २४ ऑगस्ट १८३३ रोजी नागर ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. वडील लालशंकर मुंबईस लेखनिकाचे काम करीत. त्यामुळे बालपण कधी सुरतेस, तर कधी मुंबईस गेले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेत असता घरच्या अडचणींमुळे त्यांना सुरतेस परतावे लागले. १८५२ मध्ये तापीच्या पैलतीरी असलेल्या रांदेर येथील शाळेत ते शिक्षक झाले. १८५५ मध्ये ते काव्यरचनेकडे वळले, तेव्हा छंदःशास्त्र शिकविणारा कोणी गुरू त्यांना लाभला नाही. छंदांवरील एक दुर्मिळ पोथी सुरतेतील एका गवंड्यापाशी आहे असे कळले. परंतु तो ती घराबाहेर नेऊ देईना. तेव्हा या नागर ब्राह्मणाने त्या गवंड्याच्या घरी बसून ती पोथी स्वहस्ते उतरून घेतली. ज्ञानासाठी कुळाचा अभिमान बाजूस ठेवण्याची ही वृत्ती पुढे आयुष्यभर त्यांच्या ठायी राहिली.

पुढे मुंबईत त्यांना शिक्षकाची चांगली नोकरी मिळाली. पण दिवसभराच्या अध्यापनानंतर काव्याला निवांतपणा उरेना. अखेर २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. घरी येऊन साश्रू नयनांनी त्यांनी लेखणीलाच माता मानले, यापुढे आपण तिच्याच आश्रयाने जगू, असा संकल्प केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. वडिलांना हा निर्णय रुचला नाही, आणि पित्याची ती चिंता अनाठायी नव्हती. लेखणीवर घर चालावे इतका वाचकवर्ग त्या काळी गुजराथी भाषेत नव्हता.

या व्रताची खरी कसोटी लागली ती ‘नर्मकोशा’च्या कामात. मोल्सवर्थ यांचा मराठी कोश १८३१ मध्ये सिद्ध झाला, तेव्हा त्यामागे सरकारचे द्रव्य होते आणि साहाय्यास शास्त्रीमंडळी होती. नर्मदाशंकरांच्या पाठीशी असे काही नव्हते. १८६१ पासून कोशाचे काही भाग प्रसिद्ध झाले. नंतर द्रव्याभावी मुद्रण रखडले. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढून मुंबईत भागबाजाराचे वेड पसरले, आणि १८६५ मध्ये तो बाजार कोसळून अनेक धनिक धुळीस मिळाले. अशा दिवसांत हे गृहस्थ शब्द जुळवीत, अर्थ पारखीत बसले होते. २५,०००हून अधिक शब्दांचा तो कोश १८७३ मध्ये पूर्ण झाला. काव्याला सभेत टाळी मिळते. कोशातील एखादा अर्थ बिनचूक लिहिला म्हणून कोणी टाळी देत नाही. धन नाही आणि वाहवाही नाही, अशा ठिकाणी बारा वर्षे जे बळ मनुष्यास टिकवून धरते, ते अंतरीच्या समाधानावाचून दुसरे कोणते असणार?

त्यांनी लोकैषणा पूर्णपणे जिंकली होती, असे मात्र म्हणता येणार नाही. कीर्ती त्यांना प्रिय होती. समकालीन कवी दलपतराम यांच्याशी त्यांची स्पर्धाही प्रसिद्ध आहे. हात सढळ असल्याने कर्ज वाढले, आणि त्याची झळ घरच्या मंडळींना सोसावी लागली. तथापि १८६६ मध्ये लिहिलेले आत्मचरित्र त्यांनी हयातीत लोकांपुढे आणले नाही. ते १९३३ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रकाशित झाले. कीर्तिप्रिय पुरुषानेही आपल्या अंतरीचे काही कीर्तीपासून दूर ठेवले होते.

चोवीस वर्षे पाळलेले व्रत १८८२ मध्ये मोडले. ऋणाच्या भाराने त्यांनी मुंबईत गोकुळदास तेजपाल धर्मादाय संस्थेत नोकरी पत्करली. या घटनेने त्यांचे मन खचले. तरीही लेखणी थांबली नाही. त्याच सुमारास त्यांचे भगवद्गीतेचे गुजराथी भाषांतर झाले. तारुण्यातील स्वतःच्या मतांचा फेरविचार करणारा ‘धर्मविचार’ हा ग्रंथ १८८५ मध्ये प्रकट झाला. २६ फेब्रुवारी १८८६ रोजी मुंबईत त्यांचा देहान्त झाला.

नोकरी पत्करल्याने अनेक वर्षांनी घरात नियमित वेतन येऊ लागले. सुख मात्र आले नाही. धन आले असता ज्याचे मन खचते, त्याचे धन अन्यत्र साठविलेले असते. सुरतेत आमलीरान भागातील त्यांचे ‘सरस्वती मंदिर’ हे निवासस्थान आजही त्यांचे स्मरण देते, आणि २००४ पासून तेथील विद्यापीठास त्यांचे नाव आहे. सेवेचे व्रत घेणाऱ्या साधकाने या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. समाधान हे कर्माचे सर्वांत टिकाऊ इंधन आहे. आणि त्या समाधानाची किंमत आपल्या आप्तांना किती मोजावी लागते, याचे भान सुटता कामा नये.