स्वामी कुवलयानंद आणि आपली घरची योगासने

हल्ली आपल्या मंडळातील कितीतरी भगिनी मोबाइलवर व्हिडिओ लावून घरच्या घरी योगासने करू लागल्या आहेत. पैसे पडत नाहीत, सवडीने करता येते, चारचौघींत संकोच होत नाही. तेव्हा गोष्ट चांगलीच आहे. परंतु ज्या मोजक्या माणसांनी योगासने मठांतून काढून तुमच्याआमच्या घरात आणली, त्यांतल्या एकाचे नाव विचारले तर पुष्कळजणी गप्प बसतात. म्हणून स्मरणिकेसाठी लेख हवा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी स्वामी कुवलयानंदांविषयी लिहावयाचे ठरविले.

त्यांचे मूळचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी व्यायामाचे धडे घेतले, आणि पुढे खानदेशात अंमळनेरला शिक्षकी केली. तालमीत घाम गाळलेला हा माणूस १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर गावी परमहंस माधवदासजींकडे गेला आणि योगविद्येचा शिष्य झाला.

गुरूने सांगितले ते डोळे मिटून मान्य केले, असे मात्र त्यांनी केले नाही. मला या माणसाचे खरे मोल वाटते ते इथे. आसन किंवा क्रिया करताना शरीराच्या आत नेमके काय घडते, हे त्यांना पाहावयाचे होते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले, आणि क्ष-किरण व दाब मोजण्याची यंत्रे घेऊन प्रयोग आरंभिले. नौली करताना आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांना मोजमापात सापडले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. शिष्याने गुरुदक्षिणा द्यावी ती अशी!

१९२७ साली गांधीजींची प्रकृती बिघडली, तेव्हा त्यांनीही स्वामीजींचा सल्ला घेतला होता. १९३६ साली मुंबईस चौपाटीजवळ त्यांचे योगिक आरोग्यकेंद्र निघाले.

आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. १९३१ च्या सुमारास त्यांचे आसनांवरील पुस्तक निघाले. त्यात एकच अभ्यासक्रम सर्वांच्या गळ्यात घातलेला नाही. धडधाकट माणसासाठी पूर्ण, वेळ कमी असेल त्याला लहान, आणि ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी सोपा, असे वेगवेगळे क्रम त्यांनी लावून दिले. पूर्ण हलासन जमत नसेल तर अर्धहलासन, दोन्ही पायांचे शलभासन जड जात असेल तर एका पायाचे. तालमीचा गडी असूनही झटका नाही, ओढाताण नाही, हे त्यांच्या योगाचे पहिले सूत्र होते.

आता हेच सूत्र हाती धरून मोबाइलकडे पाहा. आमच्या वाडीतील एका मैत्रिणीने नातवाने लावून दिलेला व्हिडिओ पाहून पहिल्याच आठवड्यात सर्वांगासन केले आणि तिची मान महिनाभर धरली. शिकविणारी मुलगी वीस वर्षांची, लवचीक. आमची मैत्रीण एकसष्ट वर्षांची, त्यात रक्तदाब! हे कोणी करू नये, हा शब्द त्या व्हिडिओत कुठेच नव्हता. मी तर तेवढ्या एका गोष्टीवरून व्हिडिओची पारख करते. मान, गुडघे, रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांचा उल्लेखही न करता जो थेट आसनाला सुरुवात करतो, तो मी बंद करते. अवघड आसनाची सोपी तऱ्हा, खुर्चीचा किंवा उशीचा आधार दाखवितात की नाही, हेही मी पाहते. आणि शिकविणारीचे बोलणे इतके सावकाश हवे की दर वेळी मान वळवून पडद्याकडे पाहावे लागू नये. एकवीस दिवसांत वजन उतरविण्याची हमी देणाऱ्यांविषयी मी काय लिहू? स्वामीजींनी आयुष्यभर मोजमापे केली, पण अशी हमी देण्याच्या भरीस ते पडले नाहीत.

नवा व्हिडिओ आधी खुर्चीत बसून शेवटपर्यंत पाहावा, मगच सतरंजी अंथरावी. दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. जेवणानंतर लगेच करू नये, आणि शेवटचे शवासन घाईत गाळू नये. आपण बायका नेमके तेच गाळतो, कारण कुकरची शिटी होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी निवर्तले. लोणावळ्याची संस्था आजही चालू आहे. मानेच्या दुखण्यातून उठलेली आमची मैत्रीण डॉक्टरांना विचारून आता खुर्चीवरची आसने करते. तिच्यासाठी निवडलेला व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. कोणाला हवा असल्यास गुरुवारच्या भजनानंतर मला भेटावे.