डॉ. अलॉइस आल्झायमर

ज्या घरांत वृद्ध माणसें नांदतात, त्या घरांतील मुलांना पुढील अनुभव नवा नसेल. आजी जेवून उठते आणि घटकाभरानें आपणांस अजून कोणी वाढलें नाहीं म्हणून रुसते. आजोबा ज्या वाटेनें चाळीस वर्षें बाजारास गेले, त्याच वाटेवर एके दिवशीं चुकतात. अशा वेळीं शेजारीपाजारी म्हातारचळ म्हणून हंसतात, मुलें नक्कल करतात आणि घरचीं वडील माणसें चिडतात. साठी बुद्धि नाठी ही म्हण तर आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. परंतु बुद्धि नाहींशी होते ती केवळ वय झालें म्हणून, कीं मेंदूंत एखादा रोग शिरतो म्हणून? हा प्रश्न ज्या पुरुषानें चिकाटीनें हातीं घेतला, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अलॉइस आल्झायमर यांचा जन्म 14 जून 1864 रोजीं जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत, माइन नदीच्या कांठच्या मार्क्टब्राइट नांवाच्या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील नोटरी होते. अलॉइस यांचें शालेय शिक्षण आशाफेनबुर्ग शहरीं झालें, व तेथेंच सृष्टिशास्त्राकडे त्यांचा ओढा दिसून आला. पुढें बर्लिन, ट्यूबिंगेन व व्यूर्झबुर्ग येथें वैद्यकाचा अभ्यास करून 1887 सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. त्यांचा प्रबंध कानांतील मळ उत्पन्न करणाऱ्या ग्रंथींवर होता. विषय क्षुद्र वाटेल. पण सूक्ष्मदर्शकास डोळा लावून धीरानें बसण्याची जी संवय अशा कामानें लागते, तीच त्यांस जन्मभर उपयोगीं पडली.

1888 च्या अखेरीस ते फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्णांच्या व अपस्माराच्या रोग्यांच्या इस्पितळांत कामास लागले. त्या काळीं वेड्यास बांधून ठेवणें व कोंडून ठेवणें हाच उपचार मानला जाई. या इस्पितळाचे प्रमुख डॉ. एमिल झिओली यांस ही रीत मान्य नव्हती. रोग्यांस शक्य तितकें मोकळें ठेवावें, अस्वस्थ झालेल्यांस कोमट पाण्यांत बसवून शांत करावें, आणि त्यांच्याशीं बोलावें, असा त्यांचा शिरस्ता होता, व तरुण आल्झायमर यांनीं तो मनापासून उचलला. लवकरच फ्रांट्स निस्ल हे दुसरे तरुण डॉक्टर तेथें आले. मज्जापेशींस रंग देऊन त्या स्पष्ट दिसाव्या, अशी युक्ति निस्ल यांनीं शोधून काढली होती. दोघांचा जन्माचा स्नेह जडला. दिवसा रोग्यांची शुश्रूषा आणि सायंकाळीं सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम असे.

1901 हें साल त्यांस फार कठीण गेलें. तीन लहान मुलें मागें ठेवून त्यांची पत्नी सेसिलिये निधन पावली. बहिणीनें येऊन घर संभाळलें, व आल्झायमर यांनीं दुःख गिळून स्वतःस कामांत गाडून घेतलें. त्याच वर्षाच्या 25 नोव्हेंबर रोजीं आउगुस्टे डेटर नांवाची 51 वर्षांची बाई इस्पितळांत आली. तिचा पति रेल्वेंत नोकर होता. संसार दक्षतेनें करणारी ही स्त्री कांहीं महिन्यांपासून विसरभोळी झाली होती, पतीविषयीं निष्कारण संशय घेत होती, वस्तु लपवून ठेवीत होती व रात्रीं घरभर भटकत होती.

दुसऱ्या दिवशीं आल्झायमर तिच्याजवळ जाऊन बसले. त्यांनीं तिचें नांव विचारलें. तें तिनें सांगितलें. पतीचें नांव विचारलें, तेव्हां तिनें पुन्हां आपलेंच नांव सांगितलें. पेन्सिल, किल्ली, चिरूट दाखविले, ते तिनें ओळखले. पण थोड्या वेळानें काय दाखविलें होतें तें तिला आठवेना. ताटांत फ्लॉवर असतां ती पालक खात असल्याचें सांगे. नांव लिहावयास सांगितलें असतां पहिला शब्द लिहून ती थांबे, कारण पुढचें विसरून जाई. हें सर्व आल्झायमर यांनीं प्रश्नोत्तरांसह स्वहस्तें लिहून ठेविलें. भ्रमिष्ट बाईचें बोलणें शब्दशः टिपून ठेवण्याजोगें आहे, असें त्या काळीं किती जणांस वाटलें असतें?

1903 सालीं ते प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर म्यूनिक येथें गेले. तेथें आरंभीं त्यांनीं वेतनाशिवाय काम केलें. त्यांच्या प्रयोगशाळेंत देशोदेशींचे तरुण डॉक्टर शिकावयास येत. ते एकेका विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकापाशीं बसून समजावून सांगत, व त्या भरांत हातांतील चिरूट तेथेंच विसरून पुढें जात, अशी गोष्ट सांगतात. परंतु फ्रांकफुर्टच्या त्या बाईस ते विसरले नाहींत. तिची हकीगत त्यांस कळत असे. 8 एप्रिल 1906 रोजीं ती मरण पावली. तेव्हां तिचे कागद व मेंदू म्यूनिकला पाठविण्यांत आला.

मेंदू आकसून लहान झाला होता. चांदीच्या क्षारानें रंगविलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवतां दोन गोष्टी दिसल्या. अनेक मज्जापेशींच्या आंत तंतूंचे गुंते झाले होते, आणि पेशींच्या बाहेर एका विचित्र द्रव्याचे ठिपके सांचले होते. 3 नोव्हेंबर 1906 रोजीं ट्यूबिंगेन येथील परिषदेंत त्यांनीं ही हकीगत मांडली. सभेंत कोणी एकही प्रश्न विचारला नाहीं! तरी ते खचले नाहींत. 1907 सालीं त्यांनीं तो लेख छापला, व 1910 सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यपुस्तकांत या विकारास आल्झायमरचा रोग असें नांव दिलें.

1912 सालीं त्यांस ब्रेस्लाउ येथें प्राध्यापकाची जागा मिळाली. परंतु तिकडे जात असतांना आगगाडींतच ते आजारी पडले. विकार हृदयापर्यंत गेला व प्रकृति पुन्हां सुधारली नाहीं. 19 डिसेंबर 1915 रोजीं, वयाच्या 51 व्या वर्षीं, ते निवर्तले. आउगुस्टे इस्पितळांत आली, तेव्हां तिचेंही वय इतकेंच होतें. फ्रांकफुर्टच्या स्मशानभूमींत पत्नीच्या शेजारीं त्यांस पुरण्यांत आलें.

त्यांनीं आरंभिलेलें काम मात्र थांबलें नाहीं. पेशींबाहेरील ठिपके ज्या द्रव्याचे असतात, तें अमिलॉइड नांवाचें प्रथिन 1984 सालीं वेगळें काढण्यांत आलें. 1991 व 1995 सालीं असें दिसून आलें कीं, कांहीं थोड्या घराण्यांत जनुकांतील दोषामुळें हा रोग ऐन मध्यम वयांत येतो, व अशा आईबापांच्या प्रत्येक मुलास तो येण्याचा संभव निम्मा असतो. अशीं घराणीं फारच विरळा. 1993 सालीं उजेडांत आलेलें अपोई जनुकाचें चौथें रूप मात्र पुष्कळांत आढळतें. तें आईबापांपैकीं एकाकडून आलें तर उतारवयांत रोगाचा धोका वाढतो, दोघांकडून आलें तर अधिकच वाढतो. तथापि तें असणाऱ्या सर्वांस रोग होतोच असें नाहीं, आणि नसणाऱ्यांसही तो होतो. तें संभव वाढवितें; निकाल देत नाहीं. खुद्द आउगुस्टेचे हरवलेले कागद 1995 सालीं फ्रांकफुर्टमध्यें सांपडले. तिच्या मेंदूच्या जुन्या कापांत अनुवंशिक दोष असल्याचें 2013 सालीं प्रसिद्ध झालें, पण पुढील तपासणींत तो आढळला नाहीं. यावरून शास्त्राची वाट किती सावधपणें चालावी लागते तें कळेल.

आईबापांकडून आलेलें जनुक कोणास बदलतां येत नाहीं. परंतु शरीराची निगा आपल्या हातीं आहे. आल्झायमर यांनीं 1894 च्या सुमारासच, रक्तवाहिन्या कठीण झाल्यानेंही मेंदू झिजतो, असें दाखविलें होतें. 2024 सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें 14 टाळतां येण्याजोगीं कारणें सांगितलीं: बालपणीं अपुरें शिक्षण, बहिरेपणा, अधू दृष्टि, वाढलेला रक्तदाब, रक्तांतील घातक चरबी, मधुमेह, स्थूलता, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्यास इजा, खिन्नता, एकाकीपणा व दूषित हवा. हीं सर्व दूर झालीं, तर जगांतील स्मृतिभ्रंशाचे शेंकडा सुमारें 45 प्रसंग टळूं शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या देशांत साठीपुढील शेंकडा 7 हून अधिक माणसांस हा विकार असावा, असें 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनें दाखविलें. म्हणजे हा प्रश्न परक्या मुलखाचा नव्हे.

या यादींत पहिलें कारण शिक्षणाचें आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आज वर्गांत बसून मिळविलेली विद्या ही केवळ परीक्षेपुरती नसून म्हातारपणची शिदोरी आहे. पालकांस विनंती इतकीच कीं, घरांतील वृद्धांचा रक्तदाब वेळोवेळीं तपासून घ्यावा, ऐकूं येत नसेल तर श्रवणयंत्राची सोय करावी, आणि त्यांस एकटें पडूं देऊं नये. विसरणें वाढूं लागल्यास तें चळ समजून न थांबतां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या रोगास मुळापासून घालविणारें औषध अद्यापि सांपडलेलें नाहीं. पण आल्झायमर यांच्याजवळ तरी कोणतें औषध होतें? तरी ते त्या बाईपाशीं बसले, तिला नांवानें हांक मारली, तिचें ऐकून घेतलें आणि तिला हंसले नाहींत. आजीनें तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला, तर चौथ्यांदाही नीट उत्तर देणें, एवढें तर आपणांपैकीं लहानांतल्या लहानासही करतां येईल.